जानेवारीत उमललेली मार्चची लिली: पुण्यातील एका गच्चीवरचे प्रकरण

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी २०२२ रोजी, हळदीकुंकवाच्या तयारीतून सवड काढून मी गच्चीवर गेले, तेव्हा कठड्यालगतच्या दोन कुंड्यांत लाल लिली पूर्ण उमललेली होती. पुण्यातल्या आमच्या घरी ही लिली होळीच्या आगेमागे फुलते. २००४ पासून मी बागेची वही ठेवते आणि त्या वहीत या लिलीची सर्वांत लवकरची नोंद २४ फेब्रुवारीची आहे. त्यामुळे तब्बल सहा आठवडे आधी आलेली ही फुले पाहून आनंद झाला तरी मन बुचकळ्यात पडले. पुढच्या वीस दिवसांत आणखी तीन कुंड्या फुलल्या. जिन्याखालच्या चार कुंड्यांतले कंद मात्र मार्चपर्यंत गाढ झोपेतच राहिले. सारे कंद एकाच मूळ कंदाची पिल्ले आणि सगळ्यांची माती एकाच ढिगातली, तरीही काही कंद दीड महिना आधी का जागे झाले, याचा छडा लावताना जे हाती आले ते येथे नोंदवत आहे.

आधी झाडाची ओळख. नर्सरीत ही लिली 'अमॅरिलिस' या नावाने मिळते, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती हिप्पीअ‍ॅस्ट्रम या दक्षिण अमेरिकेतील प्रजातीची आहे. अमॅरिलिस हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्याच कंदाचे असल्याचा निर्वाळा १९८७ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत दिला गेला, पण बाजारात जुनेच नाव टिकून आहे. आमच्याकडची जात म्हणजे गडद लाल पाकळी आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध पांढरा पट्टा असलेला जुना संकर. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातल्या प्रेस्कट गावी घड्याळे बनवणाऱ्या आर्थर जॉन्सन यांनी १७९९ मध्ये दोन रानजातींपासून पहिला हिप्पीअ‍ॅस्ट्रम संकर तयार केला. आमची लिली रंगाने आणि बांध्याने त्या जॉन्सन संकराशी जुळते आणि महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांच्या परसांत ती अजूनही दिसते. आमच्या घरी तिचा पहिला कंद सासूबाईंनी साताऱ्याच्या माहेराहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. २०२१ मध्ये त्याच्या पिल्लांच्या अकरा कुंड्या झाल्या होत्या.

त्यांचा वार्षिक क्रम ठरलेला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाती जोमाने वाढतात, पाऊस सरला की मी पाणी तोडते आणि कुंड्या छपराखाली ओळीने ठेवते. पाती पिवळी पडून झडतात आणि जमिनीच्या वर कंदाचा तेवढा मानेपर्यंतचा भाग उरतो, तपकिरी पापुद्र्यात गुंडाळलेला, हुबेहूब चाळीतल्या कांद्यासारखा. १ फेब्रुवारीला मी पुन्हा पाणी सुरू करते आणि मार्चमध्ये दांडे येतात. १ फेब्रुवारी हा दिवस मी का धरला, हे मला स्वतःला सांगता येत नव्हते, सासूबाई करत आल्या म्हणून मीही करत आले. या प्रकरणाचे मूळ याच न विचारलेल्या प्रश्नात होते, हे पुढे लक्षात आले.

२०२१ च्या ऑक्टोबरच्या मध्यावर नेहमीप्रमाणे पाणी तोडले आणि अकराही कुंड्या जिन्याखालच्या कोरड्या जागेत गेल्या. नोव्हेंबरअखेर जिन्याच्या भिंतीची ओल काढण्याचे काम निघाले आणि गवंड्याला जागा मोकळी हवी म्हणून पुढच्या सात कुंड्या मी २८ तारखेला उघड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. मागच्या चार कुंड्या कामाच्या आड येत नव्हत्या, त्या तिथेच राहिल्या. तीनच दिवसांनी, १ आणि २ डिसेंबरला, राज्यात तो अवकाळी पाऊस झाला जो पुणे आणि नगर जिल्ह्यांतले मेंढपाळ आणि नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार विसरू शकणार नाहीत. अरबी समुद्रावरच्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे ऐन मार्गशीर्षाच्या तोंडावर दिवसभर संततधार लागली, गारठ्याने शेकडो मेंढ्या दगावल्या आणि फुलोऱ्यातल्या द्राक्षबागांची दैना झाली. त्या हानीपुढे माझ्या सात कुंड्यांची काय कथा. पण गच्चीवरच्या उघड्या बादलीत तीन-चार बोटे पाणी साठले होते आणि कोरड्या ठणठणीत मातीतल्या त्या सातही कंदांना तळापर्यंत ओल मिळाली, एवढे येथे महत्त्वाचे आहे. मी त्या कुंड्या आत घ्यायला हव्या होत्या. भिंतीच्या कामात ते राहून गेले आणि नंतर माती वरून वाळलेली दिसली म्हणून मीही निश्चिंत झाले.

२७ डिसेंबरला पहिल्या कुंडीत कंदाच्या मानेशी काहीतरी डोकावलेले दिसले. पाते असेल असे आधी वाटले, कारण पात्याचे टोकही सुरुवातीला तसेच हिरवट-तांबूस असते. पण पाते चपटे असते आणि हे टोक चिमटीत धरल्यावर मधोमध फुगीर लागले, टोकाशी दोन पापुद्रे एकमेकांवर मिटलेले, हात जोडावेत तसे. तो फुलाचाच दांडा होता. तो कंदाच्या मधून न येता एका कडेने, झडलेल्या पात्यांच्या खुणेबाहेरून वर येत होता. त्या दिवसापासून मी या सात कुंड्यांना नियमित पाणी देऊ लागले, कारण एकदा दांडा निघाल्यावर कंदाला उपाशी ठेवण्यात अर्थ नव्हता. १४ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात सातांपैकी पाच कुंड्या फुलल्या, एकीत केवळ पाती आली आणि एक कंद कुजला.

घरी आलेल्या प्रत्येकाने याचे श्रेय थंडीला दिले. "यंदा गुलाबी थंडी चांगली पडली, म्हणून लवकर फुलली," असे शेजारच्या काकूंचे म्हणणे होते आणि सासूबाईंनाही तेच पटत होते. वरवर पाहता ते पटण्यासारखेच आहे, कारण थंड प्रदेशातल्या कंदांबद्दल जे वाचनात येते ते सारे थंडीशीच बांधलेले असते. ट्यूलिपला बारा ते सोळा आठवडे सुमारे २ ते ९ अंश सेल्सिअस इतका गारवा मिळाला नाही तर दांडा लांबत नाही, हे सर्वश्रुत आहे. पुण्याच्या हिवाळ्यात जानेवारीचे सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असते आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३० अंशांकडे जातो. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती, पण असा एखादा दिवस म्हणजे ऋतू नव्हे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची किंवा निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की आपल्याला आपलाही हिवाळा कडक वाटू लागतो; कंदाच्या हिशेबात मात्र पुण्याची रात्र थंड आणि दुपार उबदारच असते.

थंडीचे हे स्पष्टीकरण मला दोन कारणांनी मान्य होईना. पहिले कारण वहीतले. गच्चीवरच्या तापमापकावर डिसेंबरच्या उत्तरार्धात किमान तापमान १२-१३ अंशांच्या खाली क्वचितच गेले होते, म्हणजे दांडा डोकावला तेव्हा पुण्याच्या मानाने सामान्यच थंडी होती. खरा गारठा आला तो जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात, पहिली फुले उमलून दहा दिवस झाल्यावर. परिणाम आधी आणि कारण नंतर, असे होऊ शकत नाही.

दुसरे कारण कुजलेल्या कंदाने दिले. तो कंद फेकून देण्याआधी मी चाकूने उभा चिरला. खालची चकती आणि एक बाजू तपकिरी, लिबलिबीत झाली होती, पण दुसरी बाजू घट्ट आणि पांढरीशुभ्र होती. त्या बाजूला कांद्यासारखे पदर एकामागून एक मोजता आले. तीन पदर कंदाला पूर्ण वेढा घालणारे, चौथा अर्धवट, आणि त्या चौथ्याच्या कुशीत फुलाचा कोंब. पुन्हा चार पदर, पुन्हा एक कोंब. बाहेरचा कोंब करंगळीच्या पेराएवढा होता आणि त्याच्या आवरणात तीन कळ्या भिंगाशिवाय वेगळ्या ओळखू येत होत्या. त्याच्या आतल्या बाजूचा कोंब मुगाच्या दाण्याएवढा. हिप्पीअ‍ॅस्ट्रमची वाढ अशीच होते: दर चार पानांमागे एक फुलाचा दांडा तयार होतो आणि तो कंदाच्या आत सुरू झाल्यापासून बाहेर उमलेपर्यंत साधारण अकरा ते चौदा महिने जातात. याचा अर्थ असा, की संक्रांतीला उमललेले फूल आदल्या हिवाळ्यातच कंदात बसवले गेले होते, पावसाळ्यातल्या पात्यांनी त्याला पोसले होते आणि ऑक्टोबरात पाणी तोडले तेव्हा ते जवळजवळ तयार होऊन थांबले होते. डिसेंबरच्या थंडीने ते घडवलेले नव्हते. त्याला केवळ निघण्याची सूचना हवी होती आणि साडेसहा आठवड्यांच्या कोरड्या विश्रांतीनंतर ती सूचना पाण्याच्या रूपाने १ डिसेंबरला मिळाली. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

जिन्याखालच्या चार कुंड्या या मताला दुजोरा देतात. थंडी त्यांनाही तीच मिळाली होती, फक्त पाणी मिळाले नव्हते. त्यांना मी नेहमीप्रमाणे १ फेब्रुवारीला पाणी दिले आणि त्यांपैकी तीन ११ ते १९ मार्चच्या दरम्यान फुलल्या. दिवस मोजल्यावर चित्र अधिक स्वच्छ होते. पावसात भिजलेल्या कुंड्यांना २ डिसेंबरपासून फुलायला ४३ ते ६२ दिवस लागले आणि जिन्याखालच्यांना पाण्यापासून ३८ ते ४६ दिवस. हॉलंडमध्ये तयार केलेले कंद पाणी मिळाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत नाताळच्या सुमारास फुलवले जातात, त्या हिशेबाशीही हे जुळते. उलट गारव्याने दांडे काहीसे रेंगाळलेच: फेब्रुवारीच्या उबेत जे काम सहा आठवड्यांत झाले, त्याला डिसेंबर-जानेवारीत नऊ आठवड्यांपर्यंत लागले. थंडीने फूल लवकर आणले नाही, किंचित उशिराच आणले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

तरीही थंडीचे एक ऋण मान्य केले पाहिजे. २३ जानेवारी २०२२ रोजी पश्चिमेकडून, पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ मुंबई-पुण्यापर्यंत आली, दिवसभर आकाश पांढुरके राहिले आणि सूर्य दुधाळ काचेआडून पाहिल्यासारखा दिसत होता. गच्चीवरच्या पानांवर बोट फिरवले की रेघ उमटत होती. त्यानंतरचे काही दिवस दुपारीही गारठा राहिला आणि माझ्या तापमापकाने त्या हिवाळ्यातला नीचांक, ९ अंश, त्याच आठवड्यात दाखवला. त्या आठवड्यात उमललेली फुले दहा-अकरा दिवस टवटवीत राहिली. मार्चमध्ये हेच फूल पाच दिवसांत पाकळ्यांच्या कडांनी करपू लागते. ज्यांना फुले लवकर हवीत त्यांच्यापेक्षा ज्यांना ती जास्त दिवस हवीत, त्यांनी पुण्याच्या जानेवारीचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

त्याच गच्चीवर त्या वर्षी आणखी दोन प्रकारचे कंद होते, त्यांचा उल्लेख तुलनेपुरता करते. पांढऱ्या, गुच्छाने येणाऱ्या नर्गिसाचे कंद ऑक्टोबरअखेर लावले होते आणि ते नेहमीप्रमाणे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फुलले. भूमध्य समुद्राकाठच्या या जातीला फुलण्यासाठी गारवा लागतच नाही. तिच्या कंदात फूल धरते ते उन्हाळ्यात, कोरड्या विश्रांतीत, २५ अंशांच्या आसपासच्या उबेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांवर तर याच कुळातल्या नर्गिसांच्या शेतांना उन्हाळ्यात धूर देतात आणि धुरातल्या इथिलिन वायूमुळे फुले लवकर आणि अधिक येतात. त्यामुळे पुण्यात नर्गिस डिसेंबरात फुलणे हे हवामान बिघडल्याचे लक्षण नाही, तो तिचा स्वभाव आहे. ट्यूलिपचे पाच कंद भाचीने आणून दिले होते. शीतकपाटात मी त्यांना सहाच आठवडे ठेवले आणि तेही सफरचंदांशेजारी. पिकणाऱ्या फळांतून निघणारा तोच इथिलिन वायू ट्यूलिपच्या कळीला मारक ठरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तीन कंदांत नुसती पाने आली आणि दोहोंत बोटभर दांड्यावर, पानांच्या बेचक्यातच, अर्धवट कळ्या सुकून गेल्या.

आता नुकसानीकडे. कुजलेल्या कंदाची कुंडी मी नंतर उलटी केली तेव्हा तळाचे छिद्र एका खापरीने पूर्ण बंद झालेले आढळले. विश्रांतीतल्या कंदाला जिवंत मुळे थोडीच असतात, तो पाणी ओढून घेऊ शकत नाही, आणि थंड रात्रींत माती लवकर सुकत नाही. तिथे साचलेले पाणी घातकच ठरणार. दुसरा त्रास अधिक सूक्ष्म होता. फुललेल्या पाचांपैकी दोन कुंड्यांत दांड्यावर कुंकवाचे बोट ओढावे तसा लाल पट्टा दिसला. आधी तो मला रंगाचाच भाग वाटला. मग दांडा त्या बाजूला वाकू लागला, कारण लाल झालेली बाजू वाढायची थांबते आणि दुसरी वाढत राहते. आमच्या या लिलीच्या कुळातल्या कंदांवर येणारा 'लाल डाग' हा बुरशीजन्य रोग. बुरशी कंदाच्या पापुद्र्यांत दबा धरून असते आणि पाने-दांडे ओले राहिले की डोके वर काढते. अवकाळी पाऊस, नंतरचे दव आणि माझे झारीने वरून घातलेले पाणी, तिन्हींनी तिला मदत केली. झारी बंद करून कडेने, मातीपुरतेच पाणी दिले, डागाळलेली पाती काढून जाळली आणि कंदांचे बाहेरचे सुटे पापुद्रे सोलून त्यांना उन्हात वाळवले. जिन्याखालच्या चार कुंड्यांवर हा डाग दिसला नाही.

अवेळी फुललेल्या कंदांचे पुढे काय होणार, ही मला सर्वांत मोठी काळजी होती. फुलून गेलेला कंद हलका आणि पिलपिलीत होतो आणि पुढच्या फुलांची बेगमी त्याला पात्यांमधूनच करावी लागते. या कुंड्यांना फेब्रुवारीतच पाती आली, म्हणजे पावसाळ्याआधी चार महिन्यांची जादा वाढ मिळाली. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात त्यांना सावलीचे जाळे आणि रोजचे पाणी द्यावे लागले. दर महिन्याला मूठभर गांडूळखत घातले. ऑक्टोबरपर्यंत हे कंद जिन्याखालच्या कंदांइतकेच घट्ट झाले होते.

एक शंका उरलीच होती. उघड्या गच्चीवर गेलेल्या कुंड्यांना पाण्याबरोबर ऊनही अधिक मिळाले होते, मग श्रेय पाण्याचे की उन्हाचे? म्हणून २०२२-२३ च्या हिवाळ्यात जवळपास सारख्या जाडीचे आठ निरोगी कंद निवडले. त्या वर्षी परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळला, त्यामुळे कुंड्या आधीच आत घेऊन २० ऑक्टोबरला सर्वांचे पाणी एकदम तोडले. आठही कुंड्या पूर्वेकडच्या छज्जाखाली एकाच ओळीत ठेवल्या, जेणेकरून ऊन, वारा आणि थंडी सगळ्यांना सारखी मिळेल. चार कुंड्यांना १ डिसेंबरला पाणी दिले, उरलेल्या चारांना १ फेब्रुवारीला. पहिल्या चारांपैकी तीन १३ ते २४ जानेवारीला फुलल्या आणि एकीत पाती तेवढी आली, बहुधा सहा आठवड्यांची विश्रांती तिला अपुरी पडली असावी. दुसऱ्या चारही १० ते १७ मार्चच्या दरम्यान फुलल्या. आठ कुंड्यांवरून सर्वांसाठी नियम सांगता येत नाही, पण आमच्या गच्चीपुरता प्रश्न मिटला आणि १ फेब्रुवारीचे कोडेही उलगडले: सासूबाईंच्या माहेरी त्या सुमारास परसातल्या आळ्यांना उन्हाळी पाणी सुरू होत असे आणि त्याच पाण्यावर लिली होळीला फुलत असे. मी विचारल्यावर त्यांना ते आठवले.

पाणी तोडण्याची तारीख आता मी दसऱ्याच्या सुमारास, थोडी आधी धरते, म्हणजे डिसेंबरच्या कुंड्यांना सात ते आठ आठवडे कोरडे मिळतात. अवकाळीचा अंदाज आला की उघड्यावर काही राहणार नाही हे संध्याकाळीच पाहून घेते. डिसेंबरात पाणी द्यायच्या कुंड्यांच्या काठाला लाल दोरा बांधलेला असतो, बाकीच्या तशाच. साताऱ्याहून आलेला मूळ कंद अजून आहे आणि त्याच्या कुंडीला सासूबाईंनी दोरा बांधू दिलेला नाही. ती त्यांना होळीलाच फुललेली हवी आहे.